खांब तिथंच आहे, माती सरकली म्हणे

"भाऊ, खांब तिथंच आहे. माती सरकली."

हे वाक्य मी सकाळपासून पन्नास वेळा मनात म्हणून पाहिलं. चहा पिताना, पायाचा चिखल खरवडताना, जेवताना. पचतच नाही.

तीन दिवस झड लागली होती. आज उघाड पडली म्हणून वावरात गेलो, तर नाल्याकडच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, कुंपणाचे २२ खांब वरातीतून पिऊन परतलेल्या पोट्ट्यांसारखे एकमेकांच्या भरवशावर उभे. तारा लोंबलेल्या. कोपऱ्याचा खांब, ज्याच्यावर सगळ्या तारांचा ताण, तो पार नमस्काराला वाकलेला. आणि खालच्या तारेच्या काट्यात डुकराचे राठ केस. म्हणजे गडी आत आला, सोयाबीनच्या आठ ओळी लोळवल्या आणि जाता जाता पाठही खाजवून गेला. लाखभर रुपयांची खाजवणी.

पाचव्यांदा फोन केला तेव्हा ठेकेदारसाहेबांनी उचलला. म्हणे फोटो टाका. टाकले. दहा मिनिटं विचार करून त्यांनी निकाल दिला, तो वर लिहिलाच आहे. म्हणजे दोषी कोण? माती. आता मी तिच्यापुढं हात जोडून म्हणू का, बाई, एवढा पोळा होऊ दे, मग सरक?

अरे, वरोऱ्याच्या काळ्या मातीत तुझा जन्म गेला ना? इथं घराच्या भिंती तडकतात, विहिरीचं बांधकाम फुटतं, रस्ता दरवर्षी पापडासारखा फुगतो. उन्हाळ्यात भेगांत कोपरापर्यंत हात जातो आणि पावसात तीच माती दोन-दोन किलो चपलेला चिकटून घरापर्यंत येते. ती सरकते हे तुला आज कळलं?

आणि आला केव्हा, तर मे महिन्यात. सबल मारली की ठण्णकन उलटी येत होती. दीड फुटावर त्याची पोरं दमली. मुरूम टाकायचा नाही का रे खाली? "काही नाही होत भाऊ." निघालेली ढेकळं तशीच परत लोटली, वरून पायानं दोनदा दाबलं, झाला खांब पक्का. सिमेंट-गिट्टी होती, पण ती सगळी वरच. प्रत्येक खांबाभोवती गोल कट्टा, वर गिलावा, तुळशीवृंदावनासारखा. मीही खूश. फोटो काढून साळ्याला पाठवला होता. आता कळतं, घात त्या कट्ट्यानंच केला. माती फुगली की त्याच कडेला खालून धरून वर रेटते, आणि वाळून आकसली की बाजूनं फट पडते, तिथून पाणी थेट बुडाशी. खड्डा तोंडाशी अरुंद आणि बुडाशी रुंद पाहिजे. यानं वर रुंद, खाली निमुळता केला. गाजर रोवलं गाजर. आणि गाजर उपटायला जन्मतःच सोपं असतं.

"काही नाही होत भाऊ" या वाक्यावर तर सरकारनं बंदी घालावी. मोटर बांधणारा हेच म्हणतो, बैलाचा दलाल हेच म्हणतो, पाईपला चिंधी गुंडाळणारा हेच म्हणतो. राजेहो, आयुष्यात माझं जे जे काही झालं, ते या वाक्यानंतरच झालं.

तारेचं तर विचारूच नका. भाव घेतला १२ गेजचा. पहिल्याच पावसात तांबारली तेव्हा संशय आला. पुतण्या पॉलिटेक्निकला आहे, त्यानं व्हर्नियर लावून मोजली. पाहिजे २.६४ मिलिमीटर, भरली जेमतेम २. म्हणजे १४ गेज. आकडा मोठा म्हणून तार जाड, असं मी इतकी वर्षं समजत होतो, हे दुकानदाराला माझ्या तोंडाकडे पाहूनच कळलं असणार.

त्याआधी झटका मशीन झालं. सौर, चकचकीत, टिक-टिक वाजणारं. श्रावणात गवत रातोरात वाढतं, खालच्या तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत. दर चार दिवसांनी विळा घेऊन तारेखालचं गवत कापत फिरायचं. वीसेक दिवसांनी मी थकलो, गवत थकलं नाही. मशीन बिचारं टिक-टिक करत राहिलं आणि डुकरं त्या तालावर जेवत राहिली. पूर्ण हंगामात झटका एकालाच बसला, मला, फाटक उघडताना. (घरची लाईन सरळ तारेत सोडणारे भैताडही आमच्याकडं आहेत. माणसं मरतात त्यानं. माझा संताप कितीही असो, तिथवर जात नाही.)

आणि सल्ले! धुऱ्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबतो, वाकडे खांब बघतो, आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा म्हणतो, "कुंपणच शेत खाते म्हणतात ते हेच!" आज सकाळच्या सकाळी तीन झाले. चौथ्याला मी फावडं दाखवलं. पुण्याचे मामा वेगळेच. "जिवंत कुंपण कर. सागरगोटा लाव, करवंद लाव, घायपात लाव." लावतो मामा. ते दाट होईपर्यंत डुकरांना काय तुमच्याकडं पाठवू, दोन खोल्यांच्या फ्लॅटवर?

असो. दुपारी पुरावा काढायचं ठरवलं. पडायला आलेला कोपऱ्याचा खांब हलवला तर हातातच आला. टेप लावला, आतला भाग बरोबर दीड फूट. टेपसकट फोटो काढला आणि ठेकेदाराला पाठवला: "अडीच फूट ठरलं होतं. लाज वाटते का?" दोन निळ्या खुणा. मला वाटलं, आता बसली वाचा.

पाच मिनिटांनी त्याच्याकडून फोटो आला. त्याच्या वहीचं पान. "खड्डा २.५ फूट" वर काट, शेजारी "१.५", पुढं "खांबामागे ४० रु. कमी". खाली "कोपऱ्याला तिरपा टेकू – नको". अक्षर माझं. सही माझी, तीही खाली दोन टिंबं दिलेली.

मग आठवलं. १५० खांब, ४० रुपये, ६,००० वाचवले म्हणून त्या संध्याकाळी पानठेल्यावर मी चार जणांना खर्रा खाऊ घातला होता. ठेकेदाराला कसा गुंडाळला याचं अभिनयासह वर्णन केलं होतं. त्याच धुऱ्यावर बाबांनी रोवलेला अंजनाच्या लाकडाचा एक खांब अजून सरळ उभा आहे. मी दुपारभर तिकडं पाठ करून काम केलं.

सध्या बायकोच्या तीन जुन्या साड्या तारेवर बांधून आलोय आणि रात्री मचाणावर जायचं आहे. निघण्याआधी ठेकेदाराला रागाचं लालबुंद तोंड पाठवणार होतो, चिखलाचं बोट घसरलं आणि अंगठा गेला. त्याचं लगेच उत्तर आलं: "दिवाळीनंतर पाहू भाऊ, माती सुकून वाफसा आला की."

आणि तिथंही तो बरोबरच आहे, हीच खरी चीड आहे.