राणीला शिरवळला न्यायचं की नाही

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस एकच विषय चालू होता. मावशीची राणी, नऊ वर्षांची लॅब्रा, तिच्या मागच्या बाजूच्या स्तनात लिंबाएवढी गाठ झालीये. कर्वेनगरच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, पण वय झालंय, हार्टचा आवाजही थोडा वेगळा येतोय, तर भूल देण्याआधी एकदा सरकारी व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात दाखवून घ्या, शिरवळला न्या नाहीतर मुंबईला परळला. झालं, दादानं लगेच लिहिलं, "शिकाऊ पोरं हात साफ करून घेणार तिच्यावर, आपण कशाला द्यायची?" काका म्हणाले सरकारी आहे, तिथे कोण लक्ष देतंय. मी न्या म्हटलं तर वहिनीचं उत्तर आलं की तुमच्या अमेरिकेत ठीक आहे गं, इथलं वेगळं असतं.

वहिनीचं बोलणं मला लागलं नाही, कारण ते अर्धं खरं आहे. पण उरलेलं अर्धं ग्रुपवर मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आमचा शेरू डहाणूकर कॉलनीतला. रस्त्यावरचं पिल्लू, आईबाबांच्या बिल्डिंगखाली वाढलेलं, 2017 मध्ये आम्ही त्याला सोबत इकडे आणलं. (तेव्हा ते बरंच सोपं होतं, आता भारतातून कुत्रा आणायचा तर मायक्रोचिप, रेबीजची लस, रक्ताची टेस्ट आणि ठराविक विमानतळच, असं सगळं लागतं.) 2019 च्या जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, एका रात्री त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. उजव्या नाकपुडीतून, थेंब थेंब, सोफ्यावर, भिंतीवर, शिंकला की सगळीकडे. जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं तर त्यांनी नाकात ट्यूमर असू शकतो म्हणून सांगितलं आणि सीटी स्कॅनसाठी विद्यापीठाच्या टीचिंग हॉस्पिटलला पाठवलं. दोन तास गाडी चालवत गेलो, मी सगळा रस्ता रडत होते.

तिथे आधी आली ती शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. ती जमिनीवर शेरूच्या शेजारी मांडी घालून बसली आणि पाऊण तास नुसते प्रश्न विचारत राहिली, काय खातो, कुठे झोपतो, शी कशी होते, शिंक आधी का रक्त आधी, आणि मग, हा मूळचा कुठला? मी म्हटलं पुण्याचा. तिनं पेन थांबवलं. तिथे याला गोचिड्या व्हायच्या का? मी हसले, अगं गोचिड्या नसलेला कुत्रा मी लहानपणी पाहिलाच नाही, आई चिमट्यानं काढून रॉकेलच्या डबीत टाकायची. तिनं ते सगळं लिहून घेतलं आणि आत गेली.

अर्ध्या तासानं ती परत आली तेव्हा सोबत रेसिडेंट होता आणि त्याच्यामागे मुख्य प्रोफेसर मॅडम. सीटीसाठी भूल देणं थांबवलं होतं. आधी रक्त तपासू म्हणाले. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स वीस हजाराच्या आत निघाल्या आणि दहा मिनिटांत होणाऱ्या एका टेस्टमध्ये एर्लिकिया पॉझिटिव्ह आला. एर्लिकिया म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे टिक फीवर म्हणतात त्यातला एक. तपकिरी गोचिडीतून होतो आणि महिनोन् महिने, कधी काही वर्षंसुद्धा, अंगात दबा धरून बसू शकतो. तेवढ्या कमी प्लेटलेट्सवर कुणी नाकातला तुकडा काढायला गेलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं, शेरू बरा झाला, अजून आहे, आत्ता माझ्या पायाशी घोरतोय.

आता यातून अमेरिका भारी असा अर्थ काढू नका. पुण्यातल्या कुठल्याही पेट क्लिनिकच्या डॉक्टरांना मी फोनवर नाकातून रक्त येतंय एवढंच सांगितलं असतं तरी त्यांनी आधी गोचिडीचंच विचारलं असतं, कारण ते टिक फीवर जवळजवळ रोज बघतात. इकडच्या त्या भल्या डॉक्टरांच्या डोक्यात बर्फात गोचीड येणारच नव्हती. शेरूला वाचवलं ते मशीननं नाही, वाचवलं ते एका शिकणाऱ्या मुलीनं, जिला अजून सगळं माहीत नव्हतं म्हणून तिनं सगळं विचारलं. दादा ज्याला शिकाऊ म्हणतो ना, ती हीच.

आणि ती एकटी नव्हती, मुद्दा तो आहे. विद्यार्थी बघतो, मग इंटर्न किंवा रेसिडेंट, जे आधीच पास झालेले डॉक्टर असतात, आणि शेवटी त्या विषयाचे मोठे डॉक्टर, निर्णय त्यांचा. प्रत्येक जण खालच्याला विचारतो की तू असं का म्हणतोस. आपल्याकडेही हीच रचना आहे, नावं वेगळी. व्हेटरनरीची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं पूर्ण वर्ष इंटर्नशिप, वर एम.व्ही.एस्सी. म्हणजे त्यापुढची पदवी करणारी पीजीची मुलं, आणि त्यांच्या डोक्यावर सर, मॅडम. ऑपरेशनच्या टेबलाशी विद्यार्थी उभा असतो म्हणजे सुरी त्याच्या एकट्याच्या हातात असते असं नाही. बहुतेक वेळा तो दोर धरतो, नाडी मोजतो, भुलेचा कागद भरतो.

ससूनचंही पुण्यात असंच बोललं जातं ना. ते बी. जे. मेडिकलचं शिकवायचं हॉस्पिटल. सर्दीखोकल्याला आपल्यातलं सहसा कुणी तिकडे जात नाही, पण केस हाताबाहेर गेली की आपलेच डॉक्टर म्हणतात ससूनला न्या, तिथे सगळे विभाग एका जागी आहेत. मग माणसाला चालतं ते राणीला का चालू नये?

त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या त्याच हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या भेटीला एका मुलानं शेरूची शीर शोधायला तीन वेळा सुई टोचली, शेरू केकाटला आणि मी बाहेरून ऐकत बसले, कारण जनावराला आत नेतात आणि आपल्याला बाहेर थांबवतात. नंतर मला कळलं की आधीच सांगता येतं, एकदा नाही जमलं तर पुढची सुई सीनियरनं घ्यावी. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, ते सांगायला हवं होतं. शिवाय काही आठवड्यांनी विद्यार्थ्यांची बॅच बदलली आणि नव्या मुलीला मी गोचिडीपासून सगळं परत सांगितलं. वेळ इतका जातो की अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली तर पूर्ण जाते. आणि इकडे ते स्वस्त नसतं हो, तेही सांगते, आधी एस्टिमेटचा कागद येतो, कमी आकडा आणि जास्त आकडा, आणि मोठी रक्कम आधी भरल्याशिवाय ॲडमिट होत नाही. आपल्याकडे सरकारी कॉलेजात केसपेपर काढून लाखाच्या गाईपासून शेळीपर्यंत सगळ्यांना एकाच दारातून आत घेतात, ही गोष्ट इथल्या लोकांना सांगितली की त्यांना खरी वाटत नाही.

मला खरी बोच आहे ती वेगळीच. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला आहे, पुण्यात घरोघरी कुत्री-मांजरं झालीयेत, सोसायट्यांमध्ये कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं की जिन्यानं यावर मीटिंगा होतात, पण अवघड केस आली की सरकारी कॉलेज गाठायला पन्नासेक किलोमीटर गाडी काढायची. मुंबईत हे 1886 पासून आहे, परळला, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, ज्याला जुने लोक अजून बैलघोडा म्हणतात, त्याच आवारात व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. बैल आणि घोडे ट्रामला आणि गाड्यांना जुंपले जायचे तेव्हाची ती गरज होती. पुण्याची आजची गरज कुत्र्या-मांजरांची आहे, त्यांच्यावर शिकलेले हात इथे हवेत, आणि ते तयार होणार कसे, जर आपण प्रत्येक जण म्हणणार की शिका, पण आमच्या राणीवर नको?

मावशीला मी रविवारी फोन केला, बरोबर एक तास. तिला सांगितलं की सकाळी लवकर नीघ, आख्खा दिवस धर, डबा आणि पाणी घे, राणीचं पाणी आणि तिची चादर वेगळी घे कारण शेजारी म्हैस हंबरली तर ती बिचकेल. जुने सगळे रिपोर्ट, लसीचं कार्ड, आणि औषधांची नावं पाठ करू नको, पाकिटंच घेऊन जा. डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का ते आधी फोन करून विचार, स्वतःच्या मनानं ठरवू नको. छातीचा एक्स-रे सांगतील, तर गाठ खाली आणि फोटो वर कशाला असं म्हणू नको, स्तनातल्या गाठी साधारण निम्म्या वाईट निघतात आणि पसरल्या तर बऱ्याचदा फुफ्फुसात दिसतात. काढलेली गाठ तपासायला पाठवणार का ते विचारून घे. ऑपरेशन नक्की कोण करणार, भूल कोण देणार, रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, हे तीन प्रश्न न लाजता विचार, चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि मावशी, ती चावते ते सांग. मावशी लगेच म्हणाली, छे गं, काही करत नाही ती. अगं पण पाय धरला की करते ना, गेल्या दिवाळीला नखं कापताना दादाच्या अंगठ्याला दात लागले होते. तिथे पाय धरणार ते पोर कुणाचंतरी आहे. सांगितलं तर ते मुसकी बांधून नीट काम करतील, नाही सांगितलं तर एका मुलाचा हात जाईल आणि राणीवरही जबरदस्ती होईल. यावर मावशी बराच वेळ गप्प होती.

आज पहाटे माझ्याकडे अजून अंधार होता तेव्हा तिचा मेसेज आला. दादाच घेऊन गेलाय, गाडी त्याचीच. केसपेपर काढला, बाकावर बसलेत, पलीकडे एक शेतकरी दोन शेळ्या घेऊन आलाय आणि राणी त्यांच्याकडे बघून शेपूट हलवतेय. मग एक व्हॉइस नोट, मागे कुणाची तरी म्हैस ओरडतेय, आणि मावशीचा आवाज एकदम उत्साहात, "अगं एक मुलगी आलीये वही घेऊन, लातूरकडची आहे, गोड बोलते. विचारतेय राणी शेवटची माजावर कधी आली होती. मी सांगितलं तुझं लग्न झालं त्या वर्षीपासून सगळं सांगते, बस. आणि ते चावण्याचं पण सांगितलं गं. दादानंच सांगितलं, अंगठा दाखवून."