‘फारफुग्ल’ आणि आजीचं व्हॉट्सअ‍ॅप

भाचीने प्रकल्पाच्या वहीत जांभळ्या स्केचपेनने लिहिलंय: आइसलंडमध्ये स्थलांतरित पक्ष्याला ‘फारफुग्ल’ म्हणतात, तो शब्द संस्कृत ‘पर-पक्षी’ म्हणजे दूरचा पक्षी यावरून आला, आणि पाच हजार वर्षांपूर्वी आपलेच लोक तो तिकडे घेऊन गेले. कुठून उतरवलंस? तर आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून. हाच मजकूर मला महिनाभरात चार ग्रुपांवर आलाय. आता वहीत पोचला म्हणजे हद्द झाली.

आधी ती पाच हजार वर्षं. घेऊन गेले ते कोणाकडे? आइसलंडात तेव्हा माणूसच नव्हता. नॉर्वेकडचे लोक तिथे वस्तीला आले ते इसवी सन ८७० नंतर. ज्वालामुखीच्या राखेचा एक थर तिथे जमिनीत सापडतो, ग्रीनलंडच्या बर्फावरून त्याचा काळ ठरवलाय, ८७० च्या दशकातला. वस्तीच्या जवळजवळ सगळ्या खुणा त्या थराच्या वर आहेत. त्याआधी तिथे जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच, ध्रुवीय कोल्हा. शब्द काय त्याला शिकवला?

‘फार’ आलाय ‘फारा’ या क्रियापदावरून: जाणे, प्रवास करणे. प्रवासी तो ‘फारथेयी’. मोबाइल म्हणजे ‘फारसीमी’, आता खिशातला फोन दूरचा कसा? दूर म्हणायचं तर ‘फ्यार’ लागतो, टीव्हीचा रिमोट ‘फ्यारस्तीरिंग’. फारफुग्ल म्हणजे प्रवासी पक्षी, बस. (यूथ हॉस्टेललाही ते ‘फारफुग्लांचं घर’ म्हणतात, हे मात्र गोड आहे.)

‘फुग्ल’ आणि ‘पक्षी’ यांचं नातं नाही. त्याची भावंडं जर्मन ‘फोगेल’ आणि इंग्रजी ‘फाउल’.

एक कबूल करावं लागतं, नाइलाजाने. आपला ‘पार’ आणि त्यांचा ‘फारा’ मूळ एकाच धातूचे. आपल्या ‘प’च्या जागी तिकडे ‘फ’: पितृ-फादिर, पाद-फोतुर, पंच-फिम्म. ग्रीक-लॅटिनशी ताडून हा नियम रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताने १८१८ मध्ये छापला. हाच गृहस्थ १८२० मध्ये मुंबईला आला होता. पण चुलतभावाला बाप कसं म्हणायचं?

आणि फोटो! फॉरवर्डमध्ये रोहित पक्षी, मागे विजेचे मनोरे. रोहित आइसलंडचा पक्षीच नव्हे. भाची म्हणते, मजकूर खोडते, पण फोटो फेव्हिकॉलने चिकटवलाय, आणि वही सोमवारी द्यायची आहे.