‘घाटावरच्या मुलींना समुद्र झेपत नाही’ : एका संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या ‘पालकांनो, सावध व्हा’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: समुद्राचा 95 टक्के भाग अज्ञात आहे, 1978 साली नासाला तिथे काहीतरी भयंकर आढळले आणि तिने समुद्रसंशोधन कायमचे बंद केले, खोल समुद्रात उतरलेला माणूस परत येत नाही, ‘टायटन’ पाणबुडीचे उदाहरण समोर आहे, भारतात या विषयाला ना संस्था आहे ना नोकरी, आणि किनाऱ्यावर न वाढलेल्या, पोहता न येणाऱ्या मुलांना, त्यातही मुलींना, संशोधन जहाजावर घेतच नाहीत. हा संदेश खानापूरला माझ्या ताईच्या घरी पोहोचला. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) असलेली माझी भाची सागरी जीवशास्त्र शिकायचे म्हणत होती. दाजींनी त्याच रात्री तो विषय बंद करून टाकला. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाने यावर गप्प बसणे बरोबर नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. अदिती पंत यांचा जन्म 1943 साली नागपुरात झाला. नागपूरहून समुद्र किती लांब आहे, हे नकाशा उघडणाऱ्या कोणालाही कळेल. त्यांनी पुणे विद्यापीठाची बीएस्सी केली, सागरी विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण हवाई विद्यापीठात घेतले, लंडनमध्ये पीएचडी केली आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या रुजू झाल्या. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया या दोघी. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे तिथले पहिले केंद्र उभे राहिले. पुढे पंत पाचव्या मोहिमेतही गेल्या. एक मराठी स्त्री चाळीस वर्षांपूर्वी दक्षिण महासागराचे पाणी तपासून आली असताना, आज खानापूरच्या मुलीला ‘मुलींना घेतच नाहीत’ असे बजावणाऱ्याला या विषयाची साधी तोंडओळखही नाही, असेच म्हणावे लागते.

स्त्रियांना जहाजावर मज्जाव होता, ही गोष्ट एके काळी खरी होती, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. अमेरिकेत समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मारी थार्प यांना कारकिर्दीची कित्येक वर्षे संशोधन जहाजावर पाऊल ठेवू दिले गेले नाही. त्यांनी किनाऱ्यावर बसून, इतरांनी मोजून आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून समुद्रतळाचे छेद काढले आणि अटलांटिकच्या मधोमध गेलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खोल खचदरी (कवच फाकून झालेली दरी) आहे, हे दाखवून दिले. सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी त्या बायकी गप्पा ठरवल्या. पुढे त्यांनाच ते पटले आणि 1977 साली दोघांच्या नावाने संपूर्ण जगाच्या समुद्रतळाचा नकाशा प्रसिद्ध झाला. ती बंदी केव्हाच इतिहासजमा झाली आहे. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल 1979 साली दाबरोधक पोशाखात हवाईजवळ 381 मीटर खोल समुद्रतळावर चालल्या, तर अंतराळवीर कॅथी सलिव्हन 2020 साली पृथ्वीवरील सर्वांत खोल जागी, चॅलेंजर डीपमध्ये, उतरून आल्या. त्याआधी त्या अंतराळातही चालून आल्या होत्या.

आता किनाऱ्यावर वाढण्याची अट. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले आणि भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते सय्यद झहूर कासिम हे अलाहाबादचे. देशाला त्सुनामीचा इशारा देणारी आणि मच्छीमारांना मासळीच्या ठिकाणांची माहिती पुरवणारी ‘इन्कॉइस’ ही संस्था हैदराबादेत आहे, म्हणजे समुद्रापासून आपल्यापेक्षाही लांब. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते आणि तिथून जवळच, दोनापावलाला, ती समुद्रविज्ञान संस्था उभी आहे. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की आपण काही तासांत तिच्या दारात असतो. पोहण्याचे म्हणाल, तर प्रवाळांवर काम करायचे असल्यास डायव्हिंग शिकावे लागते आणि ते शिकता येते. पण खोल समुद्राचे बहुतेक काम जहाजावरची प्रयोगशाळा, दोरावरून सोडलेली उपकरणे आणि यंत्रमानव यांच्या साहाय्याने चालते. हजारो मीटर खोलीवर कोणी पोहत नाही.

नासाचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे, तरी लोक त्यालाच घाबरतात. 1978 साली नासाने समुद्रसंशोधन बंद केले नाही. उलट त्याच वर्षी जून महिन्यात तिने समुद्राच्या निरीक्षणासाठी ‘सीसॅट’ हा खास उपग्रह सोडला. ऑक्टोबरमध्ये विद्युतयंत्रणेत शॉर्ट सर्किट होऊन तो बंद पडला. त्यानंतर 1992 मध्ये फ्रान्ससोबत ‘टोपेक्स-पोसायडन’, 2022 मध्ये ‘स्वॉट’ आणि 2024 मध्ये ‘पेस’ हे उपग्रह नासाने समुद्रासाठीच सोडले. माणसे समुद्रतळाशी नेणे हे मुळात नासाचे काम नव्हतेच. ते अमेरिकेतील वूड्स होलसारख्या समुद्रविज्ञान संस्था आणि नौदल करत होते, आणि तिथे तर 1978 च्या आगेमागे कामाला जोर चढला होता. 1977 साली ‘ॲल्विन’ पाणबुडी गालापागोसजवळ सुमारे 2,500 मीटर खोल उतरली, तेव्हा गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी जीवसृष्टी आढळली. हे इतके अनपेक्षित होते की त्या मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता आणि काही नमुने रशियन व्होडकात बुडवून टिकवावे लागले. घाबरून पळून जाण्याऐवजी 1979 मध्ये जीवशास्त्रज्ञांना घेऊन पाणबुडी पुन्हा तिथेच गेली. संदेशातले ‘काहीतरी भयंकर’ कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेले आहे: जमिनीतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे जीवाणू आणि त्यांच्या आधाराने जगणारे लांबलचक नळीकृमी.

95 टक्क्यांच्या आकड्यात अर्धे सत्य आहे. आधुनिक पद्धतीने मोजलेला समुद्रतळ 2017 साली अवघा 6 टक्के होता. साऱ्या समुद्रतळाचा नकाशा काढण्याच्या ‘सीबेड 2030’ या जागतिक प्रकल्पामुळे 2025 पर्यंत तो 27 टक्क्यांच्या वर गेला. प्रत्यक्ष डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने पाहिलेला खोल समुद्रतळ मात्र 0.001 टक्क्याहूनही कमी आहे, असे 2025 चा एक शोधनिबंध सांगतो. म्हणजे काम प्रचंड शिल्लक आहे, आणि मुलांना या विषयापासून दूर ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

‘टायटन’बद्दल थोडक्यात. जून 2023 मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहायला निघालेल्या या पाणबुडीत पाच माणसे दगावली, ही दुःखद गोष्ट आहे. पण ती पाणबुडी कार्बन फायबरची होती आणि तिची स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणित तपासणी झालेली नव्हती. 1964 पासून चालणाऱ्या ‘ॲल्विन’ने 5,000 हून अधिक बुड्या मारल्या आहेत आणि त्यांत एकही माणूस दगावलेला नाही.

भारतात काम नाही, हेही खोटे. ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने 1981 मध्येच हिंदी महासागराच्या तळातून बहुधात्विक गोटे (मँगनीज, निकेल, तांबे अशा धातूंचे खडे) वर आणले होते. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना 6,000 मीटरपर्यंत नेणारी ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी बांधत आहे, आणि तिच्या तयारीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये दोन भारतीय फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकमध्ये 4,000 आणि 5,000 मीटरच्या पलीकडे जाऊन आले. जागा थोड्या असतात, सुरुवातीची वर्षे बहुधा प्रकल्पावरच्या तात्पुरत्या नेमणुकीत जातात आणि पीएचडीवाचून पुढे सरकता येत नाही, या खऱ्या अडचणी आहेत. संदेशात मात्र त्यांतली एकही नाही. दाजींनी चौकशी करायची तर याची करावी. बीएस्सी बेळगावात होते. पुढे सागरी जीवशास्त्र कारवारला कर्नाटक विद्यापीठाच्या केंद्रात शिकता येते, सागरी विज्ञान गोवा विद्यापीठात. दोन्ही ठिकाणी खानापूरहून सकाळी निघून, प्राध्यापकांशी आणि तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोलून रात्री परत येता येते. भाचीचा अर्ज अडवण्यापूर्वी दाजींनी तिला घेऊन निदान एका ठिकाणी जाऊन यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.