सॅन डिएगोचे दोन कौल

पाद्रेस या आमच्या बेसबॉल संघाच्या मालक कुटुंबाने 2025 च्या नोव्हेंबरमध्ये संघ विकण्याच्या पर्यायाचा विचार करत असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून सॅन डिएगोतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत एकच प्रश्न फिरतो आहे: "आता हेही जाणार का?" हा प्रश्न पाद्रेसविषयी असला, तरी विचारणाऱ्याच्या मनात 2017 मध्ये शहर सोडून गेलेला चार्जर्स हा फुटबॉल संघ असतो. एकदा आपला संघ गाशा गुंडाळून जाताना ज्यांनी पाहिला, त्यांच्या पोटात विक्री हा शब्द ऐकूनच गोळा येतो. मी त्यांच्यापैकीच एक आहे. तरीही गेल्या काही आठवड्यांत या विषयावर जे वाचले आणि ऐकले, त्यात एक सूर मला मान्य नाही. "2016 मध्ये लोकांनी पैसे द्यायला नकार दिला म्हणून फुटबॉल गेला, आता तरी शहाणे व्हा आणि मालक मागेल ते द्या," असा तो सूर आहे. माझ्या मते 2016 मध्ये या शहराने दिलेला नकार योग्य होता आणि 1998 मध्ये पाद्रेसच्या नव्या मैदानाला दिलेला होकारही, काही मोठ्या उणिवा मान्य करूनसुद्धा, योग्यच होता. हे असे का वाटते, ते थोडे सविस्तर सांगतो.

मी 1999 मध्ये पुण्याहून इथे आलो. क्वालकॉममुळे त्या काळात अनेक मराठी अभियंते या शहरात आले आणि गंमत म्हणजे मिशन व्हॅलीतल्या भल्यामोठ्या स्टेडियमलाही 1997 पासून त्याच कंपनीचे नाव होते. 1967 मध्ये उघडलेल्या या स्टेडियममध्ये फुटबॉल आणि बेसबॉल असे दोन्ही सामने होत. इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने 2000 सालच्या हंगामात मला चार्जर्सच्या सामन्याला नेले. त्या वर्षी चार्जर्सनी सोळापैकी पंधरा सामने गमावले. वरच्या मजल्यावरच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या, उन्हात नुसत्या खुर्च्या चमकत होत्या. मी सहज म्हटले, "एवढी तिकिटे विकली गेली नाहीत, तर संघाचे केवढे नुकसान होत असेल." तो म्हणाला, "संघाचे नाही. त्यांचे पैसे आपण भरतो."

मला वाटले तो अतिशयोक्ती करतो आहे, पण ते अक्षरशः खरे होते. 1995 मध्ये शहराने चार्जर्सशी स्टेडियमच्या विस्ताराचा करार केला, त्यात दर सामन्याला सर्वसाधारण प्रेक्षकांच्या 60,000 तिकिटांच्या विक्रीची हमी दिलेली होती. त्याहून कमी तिकिटे विकली गेली, तर उरलेल्यांची किंमत शहराच्या देण्यात धरायची. 2004 मध्ये करार बदलून ही हमी रद्द होईपर्यंत त्यापायी शहराचे तीन कोटी डॉलरहून अधिक गेले. ज्या खुर्चीवर कोणी बसलेच नव्हते, तिचे तिकीट ग्रंथालये, रस्ते आणि अग्निशमन केंद्रे ज्या तिजोरीतून चालतात तिच्यातून काढले गेले. मी त्या दिवशी पाहिलेल्या रिकाम्या रांगा पुढे अनेक वर्षे माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या. संघ हरला तरी त्याचे उत्पन्न पक्के, आणि जिंकला तर ते वाढणार. धोका सगळा शहराच्या गळ्यात. सार्वजनिक पैशाचा करार कसा करू नये, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

बेसबॉलचा करार याहून वेगळा होता. 1998 च्या ऑक्टोबरमध्ये पाद्रेस वर्ल्ड सिरीज या बेसबॉलच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून ते चारही सामने हरले, पण शहर त्यांच्यावर बेहद्द खूश होते आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 3 नोव्हेंबरला, नव्या बॉलपार्कच्या, म्हणजे बेसबॉल स्टेडियमच्या, प्रस्ताव सीवर मतदान झाले. जवळजवळ 60 टक्के लोकांनी होकार दिला. मतदानाची वेळ मालकांना अनुकूल होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र लोकांनी ज्याला होकार दिला, तो केवळ स्टेडियमचा आराखडा नव्हता. डाउनटाउनच्या पूर्वेकडचा ईस्ट व्हिलेज हा जुन्या गोदामांचा आणि ओसाड प्लॉटांचा भाग पुन्हा उभा करण्याची ती योजना होती. शहराच्या गुंतवणुकीला 22.5 कोटी डॉलरची मर्यादा घातलेली होती, पार्कची बहुसंख्य मालकी शहराकडे राहणार होती आणि आजूबाजूला हॉटेले व इमारती उभ्या करून कर उत्पन्न वाढवण्याची जबाबदारी संघाच्या बाजूवर टाकलेली होती. माझ्या दृष्टीने सगळा फरक या शेवटच्या अटीत आहे.

वाट मात्र सरळ नव्हती. या प्रकल्पावर डझनाहून अधिक खटले दाखल झाले. संघमालकाकडून मिळालेल्या भेटी जाहीर न केल्याच्या प्रकरणात एका नगरसेविकेने गुन्हा कबूल करून 2001 मध्ये पद सोडले. पैसे उभे राहीनात म्हणून काम थांबले. त्या काळात मी डाउनटाउनला गेलो की कुंपणाच्या फटीतून आत पाहत असे. अर्धवट उभे असलेले काँक्रीट, गंजू लागलेल्या सळया, आणि एकही माणूस नाही. पुण्यात अशी अर्धवट बांधकामे पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे हे आता असेच राहणार, अशी माझी खात्री झाली होती. पण 2002 मध्ये रोख्यांची विक्री झाली, काम पुन्हा सुरू झाले आणि ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षे उशिरा, 2004 च्या एप्रिलमध्ये, पेटको पार्क उघडला.

तिथे पहिल्यांदा गेल्यावर मी सामन्याऐवजी एका इमारतीकडेच बराच वेळ पाहत राहिलो. वेस्टर्न मेटल सप्लाय कंपनीची ही चार मजली विटांची इमारत 1909 सालची आहे. बॉलपार्कच्या नकाशात ती मध्येच येत होती. ती पाडणे सोपे होते. वास्तुरचनाकारांनी ती पाडली नाही, तर मैदानच तिला जोडून घेतले. बेसबॉलमध्ये चेंडू वैध हद्दीत आहे की नाही हे दाखवणारा फाउल पोल नावाचा खांब असतो, आणि इथे डाव्या बाजूच्या त्या खांबाचे काम या इमारतीचा कोपराच करतो. त्या कोपऱ्यावर उभी पिवळी पट्टी आहे. जुन्या विटांवर कंपनीचे रंगवलेले नाव अजून वाचता येते आणि गच्चीवर बसून लोक सामना पाहतात. शंभर वर्षांपूर्वीच्या गोदामाच्या भिंतीवरून आजच्या खेळाडूच्या फटक्याचा निर्णय लागतो, याचे मला आजही अप्रूप वाटते. जागेचा मान ठेवून बांधणे म्हणजे काय, हे मी त्या कोपऱ्यावरून शिकलो.

बेसबॉलचे गणितही समजून घेतले पाहिजे. एका हंगामात घरच्या मैदानावर 81 सामने होतात, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ दर दुसऱ्या दिवशी त्या भागात हजारो माणसे चालत येतात. ट्रॉली या शहरी रेल्वेने येतात, आधी जेवतात, नंतर रेंगाळतात. फुटबॉल संघाचे घरचे सामने तेव्हा नियमित हंगामातले आठ आणि सरावाचे दोन, असे वर्षाला दहा होत असत. दहा दिवसांच्या गर्दीवर कोणतेही उपाहारगृह वर्षभर चालत नाही. मिशन व्हॅलीच्या स्टेडियमभोवती इतकी वर्षे पार्किंगखेरीज काही उगवले नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे. गहुंजेच्या स्टेडियमला क्रिकेटचा सामना पाहिलेल्या माझ्या पुणेकर मित्रांना हे चित्र लगेच ओळखू येईल.

ईस्ट व्हिलेजबद्दल बोलताना एक गोष्ट मी टाळणार नाही. बॉलपार्क येण्याआधी तो भाग रिकामा नव्हता. गोदामांत चित्रकारांचे स्टुडिओ होते आणि स्वस्त भाड्याच्या खोल्यांच्या हॉटेलांत अगदी थोड्या उत्पन्नाची माणसे राहत होती. काचेचे मनोरे उभे राहिले तशी ही माणसे तिथून गेली, आणि ज्यांना जायला जागा नव्हती ती रस्त्यावर आली. सामन्यानंतर गाडीकडे चालत जाताना चार चौकांवर तंबूंची रांग लागते. शहराने कराराच्या कागदावर हॉटेलांच्या खोल्यांचा विचार ज्या बारकाईने केला, त्याच बारकाईने परवडणाऱ्या घरांचा केला असता, तर मी 1998 च्या होकाराला पूर्ण गुण दिले असते.

आता 2016. तोवर मी नागरिक झालो होतो आणि स्टेडियमच्या प्रश्नावर माझे ते पहिलेच मतदान होते. पोस्टाने आलेली मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून मी आणि पत्नी दोन संध्याकाळी वाचत बसलो होतो. मेझर सी हा प्रस्ताव चार्जर्सनीच पुढे आणलेला होता. हॉटेलवरचा कर 12.5 टक्क्यांवरून 16.5 टक्के करायचा, त्याच्या आधारावर 115 कोटी डॉलरचे रोखे काढायचे आणि बॉलपार्कच्या शेजारीच फुटबॉलचे स्टेडियम व अधिवेशन केंद्राचा भाग अशी एकत्र वास्तू उभारायची, अशी ती कल्पना होती. संघ आणि फुटबॉलची राष्ट्रीय लीग मिळून 65 कोटी देणार होते. "कर पर्यटक भरतील, आपल्या खिशाला काय तोशीस?" हा युक्तिवाद आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ काका मोठ्या कळकळीने करत असत. मला तो तेव्हाही पटला नाही. हॉटेल कर ही या शहराच्या उत्पन्नाची एक मोठी बाजू आहे. ती एकदा एका वास्तूसाठी गहाण टाकली, की उद्या रस्त्यांसाठी किंवा बेघरांच्या निवाऱ्यासाठी तीच बाजू वापरण्याची वाट अरुंद होते. शिवाय वर्षातून दहा दिवस भरणारी अवाढव्य इमारत त्या वस्तीच्या ऐन मध्यावर बसली असती, जी चालत्या माणसांच्या जोरावर नुकती कुठे रुजत होती. पत्नी एवढेच म्हणाली, "रिकाम्या खुर्च्यांचे पैसे भरून झालेत ना एकदा?" आम्ही दोघांनी नकार दिला. मंजुरीसाठी दोन-तृतीयांश मते हवी होती; मिळाली 43 टक्क्यांच्या आसपास.

12 जानेवारी 2017 रोजी मालक डीन स्पॅनॉस यांनी संघ लॉस एंजेलिसला नेत असल्याचे पत्र प्रसिद्ध केले. 1961 मध्ये तिथूनच आलेला हा संघ 56 हंगाम इथे खेळला होता. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. चार्जर्सचा आघाडीचा खेळाडू फिलिप रिव्हर्स याचा 17 क्रमांक असलेली जर्सी तो दर रविवारी घालत असे. संघाच्या कार्यालयाबाहेर लोक आपापल्या जर्सी, टोप्या, झेंडे आणून टाकत होते आणि त्याने मला तिथे न्यायला लावले. फाटकापाशी निळ्या-पिवळ्या कपड्यांचा ढीग साचला होता. पन्नाशीचा एक गृहस्थ लहान मुलासारखा रडत होता. मुलाने जर्सी हातात धरून ठेवली, टाकली नाही. परत येताना गाडीत तो म्हणाला, "बाबा, तुम्ही नाही म्हणून मत दिलंत ना?" मी हो म्हटले. तो पुढे घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या शांततेची मला आठवण आहे, आणि तरीही ते मत मी आज पुन्हा तसेच देईन.

असे म्हणतो, कारण पुढे काय झाले ते मी पाहिले आहे. नवे स्टेडियम तयार होईपर्यंत चार्जर्स लॉस एंजेलिसजवळच्या कार्सनमधल्या 27,000 खुर्च्यांच्या मैदानात खेळले आणि तेही बऱ्याचदा पाहुण्या संघाच्या चाहत्यांनीच भरत असे. 2020 पासून ते लॉस एंजेलिसच्याच रॅम्स या दुसऱ्या फुटबॉल संघाच्या मालकाने उभारलेल्या सोफाय स्टेडियममध्ये भाडेकरू आहेत. त्यांनी कराराप्रमाणे सुमारे 1.26 कोटी डॉलर भरून शहराशी नाते संपवले, मात्र त्यांच्यासाठी केलेल्या विस्ताराचे कर्ज तेव्हा अजून शहराच्या डोक्यावरच होते. मिशन व्हॅलीची ती जागा मात्र शहराकडे राहिली. 2018 मध्ये मतदारांनी ती सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाला विकण्याच्या बाजूने कौल दिला, 2020 मध्ये आठ कोटी डॉलरहून अधिक किमतीला व्यवहार पूर्ण झाला, जुने स्टेडियम पाडले गेले आणि 2022 मध्ये 35,000 आसनांचे स्नॅपड्रॅगन स्टेडियम उघडले. तिथे विद्यापीठाचा फुटबॉल संघ खेळतो, महिलांचा वेव्ह हा सॉकर संघ खेळतो आणि 2025 पासून सॅन डिएगो एफसी हा पुरुषांचा सॉकर संघही खेळतो. उरलेल्या जागेवर हजारो घरे, विद्यापीठाच्या इमारती आणि नदीकाठचे उद्यान अशी आखणी आहे. जिथे एकेकाळी डांबराखेरीज काही नव्हते, तिथे आता संध्याकाळी लोक नदीच्या कडेने फिरायला जातात. मीही जातो.

पाद्रेसची विक्री झाली, तर नवा मालक आज ना उद्या शहरापुढे काही मागण्या ठेवील, हे मी धरून चालतो. 2023 पासून दर हंगामाला 30 लाखांहून अधिक प्रेक्षक या पार्कमध्ये आले आहेत. इतका प्रतिसाद असलेली जागा सोडून जाणे कोणत्याही मालकाला जड जाईल, म्हणून शहराने घाबरून टेबलावर बसू नये. बॉलपार्कच्या शेजारची टेलगेट पार्क नावाची पार्किंगची जागा सार्वजनिक आहे आणि तिथे घरे उभारण्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. वाटाघाटी होतील तेव्हा त्या जागेवर किती घरे होणार, त्यांतली किती सामान्य पगारदाराला परवडणार आणि ती केव्हा पूर्ण होणार, हे खेळाच्या कराराइतक्याच ठळक अक्षरांत लिहून घ्यावे, अशी माझी नगरसेवकांकडे मागणी आहे. या मजकुराचे पत्र मी माझ्या प्रभागाच्या कार्यालयाला पाठवले आहे. इथल्या मित्रांपैकी ज्यांना ते हवे असेल, त्यांनी खाली कळवावे; मसुदा पाठवतो.