‘स्कॅन करा आणि टाकून द्या’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरातल्या जुन्या निगेटिव्ह जपण्याबद्दलच्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत: कोकणातल्या घरात एसीशिवाय ही काळजी जमणार नाही, 2003 साली पुण्यात फिल्मसंग्रहालयाचं कोठार जळालं, तेव्हा असला ज्वलनशील ऐवज घरात नकोच, आणि एकदा स्कॅन झालं की निगेटिव्हचं काम संपलं.

पहिला आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. पावसाळ्यात तिकडे आर्द्रता आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांच्या वर असते. चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा, त्यावर बुरशी येणारच. पण कोरडं ठेवायचंय ते घर नव्हे, एक डबा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत ओलावा शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल. त्याचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं. डबा भरायचा थंडीतल्या कोरड्या दिवशी. तो माळ्यावर नको, कौलांखाली फार तापतं; पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीलाही नको. डांबरगोळ्या अजिबात नकोत. मऊ, वास मारणारी प्लास्टिकची पाकिटं काढून आम्लरहित कागदाची घाला. आणि बुरशी दिसली तर पाण्याने धुऊ नका: बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चेहरे वाहून जातात.

व्हिनेगरसारखा आंबूस वास येणाऱ्या निगेटिव्ह मात्र या डब्यात घालू नका. ती अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म कुजायला लागलेली असते. तिच्यातून सुटणारं आम्ल कोंडलं की कुजणं वाढतं आणि शेजारच्या निगेटिव्हनाही ते बाधतं. त्या वेगळ्या, कागदात, हवेशीर ठेवा आणि सर्वांत आधी त्याच स्कॅन करा.

पुण्यात जळाली ती नायट्रेट फिल्म, म्हणजे पटकन पेट घेणारी जुन्या प्रकारची फिल्म. कोडॅकने ती बनवणं 1950च्या सुमारास थांबवलं. त्यानंतरच्या घरगुती निगेटिव्ह सहसा सेफ्टी फिल्मच्या, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या, असतात. अनेकींच्या कडेवर तसं छापलेलंही असतं. त्याआधीच्या असतील तर त्या वेगळ्या आणि थंड जागी ठेवा, दिव्याजवळ नेऊ नका.

स्कॅन करा हे माझंही सांगणं आहे, रंगीत निगेटिव्ह तर लवकर, कारण त्यांचे रंग अंधारातही विटतात. पण टाकून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या पांढऱ्या टोप्या आणि पांढरी लुगडी निगेटिव्हमध्ये सर्वांत गडद असतात. साध्या स्कॅनरचा प्रकाश तिथून नीट पार होत नाही, म्हणून फाइलमध्ये नुसता पांढरा डाग उरतो. टोपीची घडी, लुगड्याचा काठ फिल्मवर शाबूत असतो. उद्या चांगला स्कॅनर मिळेल तेव्हा तो काठ परत मिळवता येईल, पण निगेटिव्ह असेल तरच.

आपल्याकडच्या निगेटिव्ह कोणत्या सालच्या, रंगीत की कृष्णधवल, वास येतो का आणि कडेवर काय छापलंय, एवढं कळवा. कोणत्या आधी हाताळायच्या ते त्यावरून सांगेन.