तांब्याच्या भांड्यात झाड लावू नका

"प्लास्टिकच्या कुंड्या आजच फेका, माती, सिमेंट नाहीतर तांबंच वापरा" असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने चांगली वाढलेली पीस लिली तांब्याच्या भांड्यात हलवली, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक दावा आधी: तांब्यात लावलेल्या झाडाला रोग होत नाही म्हणे. तांबं बुरशी मारतं, एवढं मान्य. मोरचूद (तांब्याचाच क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ पासून द्राक्षवेलींवर वापरात आहे. पण ते पानांवर फवारतात. मुळांचं काय होतं ते रोपवाटिकांना पक्कं माहीत आहे. कुंडीत मुळं गोल गुंडाळू नयेत म्हणून काही ठिकाणी कुंडीला आतून कॉपर हायड्रॉक्साइडचा लेप देतात. मुळाचं टोक त्याला टेकलं की वाढ तिथेच थांबते. जे मुळं अडवायला वापरतात, त्याच धातूच्या भांड्यात झाड कसं फोफावेल? त्यात माती आम्लधर्मी असेल तर तांबं आणखी विरघळतं. झाडाला तांबं लागतं, पण अगदी कणभर, आणि जास्त झालं तर तेच विष.

"तळाला कोळसा आणि खडे घातले की छिद्राची गरज नाही," हेही साफ खोटं. पाणी खड्यांत साठतं, बाहेर कुठेच जात नाही. वरची माती चिंब राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. मावशीची लिली माती ओली असूनही माना टाकून बसली होती. उपसून पाहिलं तर मुळं तपकिरी, कुबट वासाची. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरचं साल हातात आलं आणि आतला दोरा तेवढा मागे राहिला.

प्लास्टिक झाडाला मारतं, याला मेसेजमध्ये एकही पुरावा दिलेला नाही. जगभरच्या रोपवाटिका प्लास्टिकमध्येच रोपं वाढवतात. हां, काळी प्लास्टिकची कुंडी कडक उन्हात तापते आणि कडेची मुळं भाजतात, हे खरं. मातीच्या कुंडीतून ओल बाजूंनीही उडते, त्यामुळे माती लवकर सुकते आणि थोडी गारही राहते. निवडुंगाला, कोरफडीला ते मानवतं, नेच्याला नाही. सारखं पाणी घालायची सवय असेल तर मातीची कुंडी घ्या, पाणी घालायचं विसरत असाल तर प्लास्टिकची. चकाकी दिलेली मातीची कुंडीही जवळपास प्लास्टिकसारखीच वागते, कारण तिच्यातून ओल उडत नाही.

सिमेंट "सर्व झाडांना उत्तम" नाही. नव्या सिमेंटमधून चुना झिरपतो आणि अनंतासारख्या आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांची पानं पिवळी पडतात.

तांब्याचं भांडं शोभेला हवंच असेल, तर झाड छिद्राच्या साध्या कुंडीत लावून ती कुंडी भांड्यात ठेवा. पाणी घालताना बाहेर काढा आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवा.