जाड पॅडल म्हणजे जोरदार फटका? उलट आहे

म्हापसा-पर्वरीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सल्ला फिरतोय: पिकलबॉलचं पॅडल (टेनिससारख्या या खेळाची सपाट बॅट) 16 मिलिमीटर जाडीचंच घ्या, फटका जोरात बसतो, आणि नियमातही तेवढंच चालतं. दोन्ही चूक. पॅडलच्या आतला जाड गाभा चेंडूचा जोर शोषून घेतो, म्हणून नेटजवळचे हलके फटके ताब्यात राहतात. टणकन उसळी मिळते ती साधारण 13-14 मिलिमीटरच्या पॅडलवर. नवशिक्यानं 16 घ्यावं, पण ताब्यासाठी. त्याआधी मूठ धरून बघा: बारीक असली तर वरून ओव्हरग्रिप (मुठीवरची पातळ पट्टी) गुंडाळता येते (आपल्या दमट हवेत घामामुळे ती लागतेच), जाड मूठ घरी बारीक होत नाही. राहिला नियम. यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमात जाडीला मर्यादाच नाही. लांबी 17 इंचांपर्यंत, लांबी-रुंदी मिळून 24.